आमचें जुनें भिंग

जुन्या वस्तूंविषयीं आम्हांस विशेष लोभ आहे असें नाहीं. घरांतील पितळी समया आणि आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ हीं आम्हीं केव्हांच योग्य त्या हातीं सोंपविलीं आहेत, आणि 'पूर्वीचें तें सारें चांगलें' या मताच्या मंडळींत बसण्याचा प्रसंग आला असतां आम्ही बहुधा चहा संपवून उठतों. तेव्हां जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीं घडविलेलें एक जपानी भिंग आम्ही आजच्या कॅमेऱ्यास लावून वापरीत आहों, याचें कारण जुन्याचा मोह हें नव्हे, एवढें आरंभींच सांगून टाकणें बरें. पैसे वांचविणें हेंही नव्हे. कारण अशा नादांत जे पैसे एका ठिकाणीं वांचतात ते दुसऱ्या ठिकाणीं मुकाट्यानें खर्च होतात, हें कोणत्याही नादिष्टास ठाऊक असतें. कारण निराळें आहे, आणि तें सांगावयाचें तर वाचकांस क्षणभर निफाडास नेणें भाग आहे.

निफाड हें गांव बाहेरच्या जगास दोनतीन गोष्टींमुळें ठाऊक आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म येथें १८४२ सालीं झाला. महाराष्ट्रांतील कडक थंडीचे जे आंकडे दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत झळकतात, ते पुष्कळदां येथल्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे असतात. आणि तालुकाभर द्राक्षांच्या बागा आहेत. कांदाही आहे, पण त्याचें नांव लासलगांव घेऊन जातें, जरी लासलगांव याच तालुक्यांत मोडतें. याच तालुक्यांत गोदावरी-कादवेच्या संगमापाशीं नांदूरमध्यमेश्वरचें पाणथळ आहे. रामसर यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव लागलें तें याचें. ही गोष्ट २०२० सालीं जाहीर झाली, आणि हिवाळ्याच्या सकाळीं तेथें हातभर लांबीचीं भिंगें तिपाईवर चढवून पाण्यापलीकडचे पक्षी टिपणारे लोक दिसतात. आमचें तोंड उलट दिशेस असतें. आम्ही पाण्याकडे पाठ करून द्राक्षाच्या मांडवाखालीं बसतों. दूरचें जवळ आणणाऱ्या भिंगास पैसा लागतो; जवळचें आणखी जवळ आणणाऱ्या भिंगास गुडघे लागतात, आणि आमचे गुडघे आतां साठीच्या पलीकडले आहेत.

हें भिंग आम्हांस नाशकांतील एका छायाचित्रकाराच्या दुकानांत मिळालें. दुकान बंद होत होतें. वृद्ध मालकांनीं उरलेलें सामान एका बाकावर मांडून ठेविलें होतें. त्यांत काळ्या रंगाचें, मुठींत मावणारें, समोरची कांच विहिरीच्या तळासारखी खोल मागें गेलेली, असें हें भिंग होतें. "ह्याच्यानं मेलेल्या माणसांचे फोटो काढलेत," असें ते म्हणाले, आणि आम्ही दचकलों हें पाहून त्यांनीं खुलासा केला. कोणाच्या घरीं कोणी वारलें कीं दोनचार दिवसांनीं घरचीं माणसें दुकानांत येत. हातांत एखादा लग्नांतला घोळका, शाळेचा गट, नाहीं तर कार्यालयाच्या ओळखपत्रावरचा बोटाच्या पेराएवढा चेहरा. त्यांतून गेलेल्या माणसाचें तोंड मोठें करून, भिंतीवर हार घालण्याजोगें करून द्यावयाचें असे. तें काम या भिंगाचें. तिसऱ्या रांगेंत नवरदेवाच्या खांद्यामागें अर्धवट दिसणारी आजी या भिंगानें कितीएक घरांत परत आणून दिली होती. मालकांनीं किंमत सांगितली ती आम्हीं दिली. घासाघीस करण्याची ती जागा नव्हती.

या कामास तें भिंग जन्मतःच योग्य होतें. मायक्रो-निक्कोर हें घराणें १९५६ सालीं सुरू झालें, तें किडे किंवा फुलें पाहण्यासाठीं नव्हे, कागद पाहण्यासाठीं. ग्रंथ आणि कागदपत्रें चिमुकल्या फिल्मवर उतरवून जपून ठेवण्याची पद्धत तेव्हां सर्वत्र पसरत होती. रोमन लिपीचीं अक्षरें साधीं, त्यांस पाश्चात्य भिंगें पुरी पडत. पण जपानी लेखनांतील चिनी अक्षरांच्या रेघा दाट, एक बुजली कीं अक्षराचा पत्ता नाहीं. म्हणून रेघ न् रेघ निराळी ठेवील असें भिंग तेथील कारागिरांस घडवावें लागलें. १९६१ सालीं त्याच वंशांत आरशाच्या कॅमेऱ्यासाठीं ५५ मिलिमीटरचें भिंग आलें, आणि आमचें भिंग त्याचें पुढल्या पिढींतलें भावंड. अर्थात् जवळ पाहणाऱ्या भिंगांचा मान एकट्या जपानचा नव्हे. १९५५ सालींच हाइन्ट्स किलफिट या जर्मन गृहस्थानें आपलें माक्रो-किलार बाजारांत आणून लहान कॅमेऱ्यास ही संवय लावून ठेविली होती. सारें जग ज्यास मॅक्रो म्हणतें त्यास ही एकच कंपनी मायक्रो म्हणत राहिली, आणि मूळ हिशेबानें तिचेंच खरें आहे. वस्तूपेक्षां चित्र मोठें आलें तर तें मॅक्रो. आमचें भिंग एकटें असतां वस्तूच्या निम्में चित्र देतें, आणि मागें २७.५ मिलिमीटरची नळी जोडली तर बरोबरीचें. पण बाजारांत व्याकरण चालत नाहीं. असो. जें भिंग पुस्तकाच्या पानासाठीं घडलें तें आम्ही वेलीच्या पानावर धरतों. मराठीनें दोहोंस एकच शब्द दिला असल्यामुळें त्यास फारसें परक्या घरीं गेल्यासारखें वाटत नसावें.

आतां हें जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यास बसतें कसें, तें थोडक्यांत सांगतों. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्या मध्यें एक आरसा असे. चित्र घेतांना तो वर उचलला जाई, आणि त्याच्या हालचालीस जागा हवी म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून बरीच दूर ठेवावी लागे. निकॉनच्या घराण्यांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर. २००८ सालापासून बिनआरशाचे, ज्यांस मिररलेस म्हणतात ते, कॅमेरे निघाले. आरसा गेला, त्याबरोबर त्याची जागाही गेली, आणि आमच्या सोनी कॅमेऱ्यांत तें अंतर १८ मिलिमीटरांवर आलें. उरलेल्या २८.५ मिलिमीटरांत अडॅप्टर नांवाची एक पोकळ नळी बसविली कीं काम झालें. त्या नळींत कांच नाहीं, तार नाहीं, कांहीं नाहीं. ती म्हणजे निव्वळ गेलेल्या आरशाची रिकामी जागा आहे. कॅमेऱ्यास मात्र समोर भिंग आहे याची खबर लागत नाहीं. 'भिंग नसतांनाही चित्र घेण्यास हरकत नाहीं' अशी परवानगी त्यास आधीं देऊन ठेवावी लागते. पंचावन्न मिलिमीटरचें धडधडीत भिंग तोंडावर घेऊन भिंग नाहीं असें मानणारा हा कॅमेरा पाहून आम्हांस कित्येक तत्त्ववेत्त्यांची आठवण होते.

आरसा गेल्याबरोबर जगांतील जुन्या भिंगांस पुनर्जन्म मिळाला. रशियन, जर्मन, जपानी, सारीं माळ्यावरून खालीं आलीं, आणि त्यांच्यामागून त्यांचे भक्तही आले. चित्राच्या मागील बाजूच्या धूसर वर्तुळांवर हे लोक तासन्‌तास वाद घालतात, आणि बुरशी चढलेल्या कांचेस 'स्वभाव आहे' असें म्हणतात. यांतले निम्मे भक्त भिंगांतून पाहण्याऐवजीं भिंगाकडेच पाहतात, असें आमचें मत झालें आहे. आमच्या भिंगास असा कांहीं स्वभाव नाहीं. तें कोरडें, सरळ आणि कारकुनी वळणाचें आहे. समोर जें असेल त्याची खरी नक्कल करून देतें.

मग नव्या भिंगानें काय बिघडतें? तीं उत्तम आहेत, यांत शंका नाहीं. आजच्या कॅमेऱ्यांचें स्वयंचलित फोकस तर अद्भुत आहे. पांखराचा डोळा, मांजराचा डोळा, माणसाचा डोळा तें आपण होऊन ओळखतें आणि तेथेंच जाऊन बसतें. पण वस्तूच्या अगदीं जवळ गेलें कीं निराळाच कारभार सुरू होतो. बरोबरीचें चित्र घेतांना, छिद्र ८ वर ठेविलें तरी, स्पष्ट दिसणारा थर सुमारें एक मिलिमीटर जाडीचा असतो. निम्म्या आकाराच्या चित्रांत तो तीनएक मिलिमीटर होतो. त्या थराच्या अलीकडे धुकें, पलीकडे धुकें. छिद्र लहान करीत जावें तर उजेड आटतो. बरोबरीच्या चित्रांत ८ चें छिद्र उजेडाच्या हिशेबानें १६ चें होऊन बसतें. उजेड कमी म्हणून वेळ अधिक, आणि वेळ अधिक म्हणून वारा आडवा येतो. वस्तु आणि भिंगाचें तोंड यांत तीनचार बोटांचें अंतर, त्यांत आपली सावली पडते. कडें फिरवून फोकस जमवूं गेलें तर चित्राचा आकारच बदलतो. म्हणून कडें एका ठिकाणीं ठेवून आपणच केसभर पुढें, केसभर मागें असें डुलावें लागतें. जपास बसलेल्या माणसाचें डुलणें आम्हीं लहानपणीं पाहिलें होतें. त्यांतील कसब मांडवाखालीं बसल्यावर ध्यानांत आलें.

तेव्हां हातीं एक मिलिमीटर आहे. तो कोठें ठेवावयाचा? मुंगीच्या डोळ्यावर, कीं तिनें तोंडांत धरलेल्या कणावर? पानाच्या कडेवरील थेंबावर, कीं त्या थेंबांत उलटा दिसणाऱ्या मांडवावर? यंत्रास विचारलें तर तें पुढेंमागें चाचपडून जें अधिक ठळक सांपडेल तेथें थांबतें. अशा वेळीं चित्र वाईट येतें असें नाहीं, पुष्कळदां चांगलेंच येतें. पण आपण काय पाहत होतों हें आपणांस कळत नाहीं. आमच्या भिंगाचें कडें जवळजवळ पुरा वळसा घेतें. तें दाट, मऊ, तुपांत फिरवावें तसें फिरतें, आणि तें कोठें थांबवावयाचें याचा निर्णय बोटांस करावा लागतो. निफाडच्या थंडींत पहांटे आंतलें वंगण आळतें, तेव्हां भिंग दोन्ही मुठींत धरून त्यास ऊब द्यावी लागते. नव्या कॅमेऱ्याचा उपकार मात्र आम्ही नाकारीत नाहीं. त्याच्या डोळ्यांत समोरच्या चित्राचा एक तुकडा आठदहा पट मोठा करून पाहतां येतो. आमच्यासारख्या चाळशीच्या माणसास जुन्या कॅमेऱ्यांत हें काम अशक्य झालें असतें. स्पष्ट भागाच्या कडा रंगीत करून दाखविण्याची एक सोयही त्यांत आहे. ती आम्हीं बंद करून टाकली आहे, कारण ती जवळच्या कामांत फार तोंडपुजी आहे. जें अर्धवट स्पष्ट असेल त्यासही ती शाबासकी देते.

द्राक्षाचें फूल किती वाचकांनीं पाहिलें असेल? घड सर्वांनीं पाहिले आहेत, पेट्याही पाहिल्या आहेत. ऑक्टोबरची छाटणी झाली कीं डोळे फुगतात, पोंगे फुटतात, मग बारीक हिरवे घोस दिसूं लागतात, आणि पांचएक आठवड्यांत, म्हणजे बहुधा नोव्हेंबरांत, बाग फुलांवर येते. पण त्या वेळीं बागेंतून चालत गेलें तरी फूल म्हणून कांहीं नजरेस पडत नाहीं. एक मंद, गोडसर, कांहींसा ओला वास मात्र येतो. फूल चारपांच मिलिमीटरांचें. त्यास रंग नाहीं, डौल नाहीं. कमळ, जास्वंद हीं वरून उमलतात. द्राक्षाचें फूल तळाशीं सुटतें. पांच पाकळ्या वरच्या टोंकास एकमेकींस चिकटून त्यांची एक टोपी झालेली असते. ती बुडाशीं फाटते, कडा वर वळतात, आणि आंतले पांच केसर ताणून उभे राहतांना ती टोपी उचलून फेंकून देतात. जी टोपी पडली तिची कोणी दखल घेत नाहीं. जी पडत नाहीं, चिकटून राहते, ती मात्र पुढें मण्यावर डाग पाडते.

टोपी अर्धी सुटून एका केसरावर तिरपी अडकली आहे, आणि त्या केसराचें टोंक स्पष्ट दिसत आहे, असें चित्र मिळविण्यास आम्हांस तीन हिवाळे लागले. मिलिमीटर कोठें ठेवावयाचा हें पहिल्या वर्षीं ठरत नव्हतें. टोपीवर ठेविला तर तो एक हिरवा दाणा दिसे आणि घटना दिसत नसे. ज्या गृहस्थांनीं सारी हयात द्राक्षांत घालविली त्यांस आम्हीं तें चित्र पडद्यावर मोठें करून दाखविलें. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हे आपल्याच बागेतलं?"

फुलापाशीं असें बसून राहिलों असतां आम्हांस आपल्याच जिल्ह्यांतल्या एका माणसाची आठवण होते. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ सालच्या चित्रपटाचे कर्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण त्याच्या आदल्या वर्षीं विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं जो लहानसा पट तयार केला, त्याची आठवण क्वचितच निघते. त्यांत राजा नव्हता, राणी नव्हती, ऋषि नव्हता. कुंडींत एक वाटाणा पेरून त्याचा अंकुर कसा वाढतो, याचीं चित्रें त्यांनीं दिवसामागून दिवस घेतलीं आणि तीं एकापुढें एक पळविलीं. पडद्यावर वाटाण्याचा वेल पाहतां पाहतां वर चढला. तो पाहून एका स्नेह्यानें पुढच्या उद्योगास पैसा उभा केला, हें खरें. परंतु आम्हांस त्या कामांतील बसणेंच मोठें वाटतें. कुंडी हलतां कामा नये, कॅमेरा हलतां कामा नये, रोज तितकाच उजेड हवा, आणि रोज नेमकें तेंच अंतर. चित्रपटांच्या ध्यासानें याच माणसाच्या डोळ्यांवर थोड्याच दिवसांपूर्वीं इतका ताण पडला होता कीं त्यास कांहीं काळ दिसेनासें झालें होतें. डोळे परत मिळाल्यावर त्या डोळ्यांनीं प्रथम पाहिलें काय, तर वाटाणा. पौराणिक कथांचा दिग्दर्शक म्हणून त्यांचे पुतळे उभारणाऱ्यांनीं कोठें तरी एक कुंडीही ठेवावयास हरकत नव्हती.

येथपर्यंतचा मजकूर सुखाचा झाला. यापुढचा तसा नाहीं.

२६ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता. त्या दिवशीं निफाड तालुक्यांत अवकाळी पावसाबरोबर गारा पडल्या. बागा तेव्हां निरनिराळ्या अवस्थांत होत्या; आमच्या शेजारच्या बागायतदारांची, ज्यांस सारी वस्ती आण्णा म्हणते, त्यांची दोन एकरांची बाग नुकती मणी धरून ज्वारीच्या दाण्याएवढी झाली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मांडवाखालीं पानांचा चिवडा पडला होता, काड्यांवर गारांचे वळ उठले होते, आणि घडांची एक बाजू कोणी चिमट्यानें ओरबाडावी तशी दिसत होती. त्या दिवशीं आम्ही कॅमेरा घेऊन गेलों नाहीं. पुढें पांचसहा दिवस ढगाळ हवा राहिली, आणि जीं पानें वांचलीं होतीं त्यांवर पुस्तकांत ज्यास केवडा आणि बांधावर ज्यास डावणी म्हणतात तो रोग उतरला.

हा रोग मूळचा आपला नव्हे. तो अमेरिकेंतला; १८७८ च्या सुमारास तो फ्रान्सांत पोंचला आणि तेथल्या बागांचा त्यानें फडशा पाडला. बोर्डो येथील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञास असें दिसलें कीं, चोरांनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचें किळसवाणें मिश्रण शिंपडीत, त्याच वेलींचीं पानें टिकून राहिलीं आहेत. १८८५ सालीं त्यानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि बोर्डो हें नांव निफाडच्या शेतकऱ्याच्या तोंडीं बसलें. पानाच्या वरच्या अंगास तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग दिसतो. खालच्या अंगास, रात्रीं दमट हवा असली कीं, पानाच्या श्वासाच्या छिद्रांतून पांढरे तंतु बाहेर येतात. नुसत्या डोळ्यास ती पांढरी भुकटी दिसते. पण आमचें भिंग, मागें नळी जोडून, छिद्र ८ वर, सकाळच्या तिरप्या उन्हांत तेथें नेलें असतां जें दिसलें तें आम्ही विसरलों नाहीं. तीं बर्फानें लवलेलीं झाडें होतीं. हजारों झाडें, पानाच्या शिरांच्या दऱ्यांमधून उभीं, एकेकाच्या फांद्यांवर दंव. मिलिमीटर आम्हीं पुढच्या रांगेच्या शेंड्यांवर ठेविला; मागचें रान धुक्यांत गेलें. इतकें सुंदर चित्र या भिंगानें आम्हांस पूर्वीं दिलें नव्हतें.

आण्णा मागें केव्हां येऊन उभे राहिले तें कळलें नाहीं. त्यांनीं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर चित्र पाहिलें, आणि म्हणाले, "सर, आमचं वाटोळं झालं ते एवढं छान दिसतं होय?"

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. राग असता तर उत्तर देणें सोपें होतें. त्यांस खरोखरच नवल वाटलें होतें. ते जरा थांबले, आणि फवारणीच्या टाकीकडे निघून गेले.

या प्रश्नास उत्तर नाहीं असें नाहीं. उत्तरें पुष्कळ आहेत आणि तीं सर्व आम्हीं स्वतःस देऊन पाहिलीं. सौंदर्य वस्तूंत नसतें, पाहणाऱ्यांत असतें, हें एक. रोगासही आपला जीव आहे आणि त्याच्या बाजूनें पाहिलें तर तें त्याचें वैभव आहे, हें दुसरें. भिंग नक्कल करतें, दया करीत नाहीं, हें तिसरें. यांतलें कोणतेंही खोटें नाहीं, आणि यांतलें एकही आम्हीं बांधावर जाऊन आण्णांस सांगूं शकलों नसतों. ज्या एका मिलिमीटरांत आम्हांस रान दिसलें त्याच मिलिमीटरांत त्यांस आणखी किती फवारण्या, किती डिझेल, सोसायटीचा कोणता हप्ता, हें दिसत होतें. त्यांचें पाहणें आमच्यापेक्षां कमी बारीक होतें असें म्हणण्याची आमची छाती नाहीं.

पुढें तें चित्र नाशकांत एका स्नेह्याच्या घरीं चारचौघांस दाखविण्याचा प्रसंग आला. सर्वांस आवडलें. एका सुखवस्तु गृहस्थांनीं जेवणाच्या खोलींत लावण्यासाठीं त्याची मोठी प्रत मागितली, आणि पैसे देऊं केले. हें काय आहे, असें त्यांनीं विचारलें तेव्हां आम्हीं सांगितलें. "अरे वा, मग तर फारच छान," असें ते म्हणाले. आम्हीं प्रत दिली नाहीं. कां दिली नाहीं हें त्या वेळीं धड सांगतां आलें नाहीं, आणि त्या गृहस्थांस आमचा भाव वाढविण्याचा डाव वाटला असल्यास त्यांस दोष नाहीं. घरीं परत येतांना मात्र दुकानाच्या त्या वृद्ध मालकांचे शब्द आठवले. याच भिंगानें त्यांनीं गेलेल्या माणसांचीं तोंडें मोठीं करून दिलीं होतीं, आणि त्यांत कोणास वावगें वाटलें नव्हतें. तें चित्र घरच्यांनीं मागितलेलें असे, आणि तें घरच्यांच्याच भिंतीवर लागे. आमचें चित्र कोणी घरच्यानें मागितलें नव्हतें.

त्यानंतर त्या हिवाळ्यांत आम्हीं बागेंत काम बंद ठेविलें असें नव्हे. जाळीं विणणारे कोळी काढले, दंव काढलें, गारेनें फाटलेल्या काडीच्या जखमेवर धरलेली खपली काढली. ती खपली आम्हीं आण्णांस दाखविली, आणि त्यांनीं ती बरीच निरखून पाहिली. रोगाचें तें चित्र तेवढें संगणकांत पडून आहे. तें पुसून टाकावें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं, कारण तें खोटें नाहीं. तें कोणास दाखवावें, हें अद्याप ठरलेलें नाहीं.

पुढल्या वर्षीं छाटणीनंतर महिनाभरानें, एका सकाळीं सातच्या आधीं, आण्णांचाच फोन आला. "सर, तुमचं ते भिंग घेऊन या जरा." बागेच्या पश्चिमेकडील ओळींत कांहीं पानांच्या खालीं त्यांस पांढरें दिसलें होतें. फवाऱ्याच्या औषधाचा वाळलेला डाग असेल तर प्रश्न नव्हता. डावणी असेल तर त्याच सकाळीं ट्रॅक्टर काढावयास हवा होता. आम्हीं स्पष्ट सांगितलें कीं, आम्ही कृषितज्ज्ञ नव्हे, निदान करणें हें आमचें काम नव्हे. "निदान मी करतो, तुम्ही फक्त दाखवा," असें ते म्हणाले.

पान हाताळून उलटें धरण्याचें काम आम्हीं केलें आणि कॅमेरा त्यांच्या हातीं दिला. आण्णांनीं चष्मा कपाळावर चढविला आणि डोळा लावला. आरंभीं त्यांस कांहींच दिसेना. सर्वत्र हिरवें धुकें. कडें फिरवूं नका, तुम्हीच पुढें या, असें आम्हीं सांगितलें, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितींत नव्हते. त्यांनीं कडें पुढें नेलें, मागें आणलें, पुन्हां पुढें नेलें. थंडीनें तें जड झालें होतें. मग ते एकदम स्थिर झाले. श्वासही थांबला. "हा डाग आहे," ते म्हणाले. "पानाला चिकटून बसलाय, उभा नाही." भिंग बोटभर सरकवून ते दुसऱ्या ठिपक्याकडे गेले. तोही डाग. तिसराही. चौथ्यापाशीं ते पुष्कळ वेळ थांबले.

"हे उभं आहे," असें ते म्हणाले.

त्यांनीं कॅमेरा आमच्याकडे दिला. आम्हीं पाहिलें. पानाच्या एका शिरेच्या कडेस, तिळाएवढ्या जागेंत, तींच बर्फाचीं झाडें उभीं होतीं. मागील खेपेच्या मानानें फारच थोडीं. आण्णा आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्हीं कांहीं बोललों नाहीं.

"ह्याचा काढून ठेवा," ते म्हणाले. "आणि तारीख टाका."

चित्र घेऊन होईतों ते थांबले, मग तें पान देठापाशीं खुडून त्यांनीं खिशांत घातलें आणि शेडकडे गेले. थोड्या वेळानें ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. कॅमेरा या भिंगाची नोंद ठेवीत नाहीं, म्हणून आम्हीं नेहमींप्रमाणें वहींत लिहिलें: १४ नोव्हेंबर २०२४, नळी लावून, छिद्र ८, पानाची खालची बाजू, पश्चिमेकडून तिसरी ओळ, आण्णांसाठीं.